गुलाबचे तीस रुपये

संक्रांत होऊन महिना झाला तरी
गॅलरीतल्या सायकलच्या हँडलवर
माझा मरून स्वेटर, ह्यांची माकडटोपी,
कॅरियरला लटकवलेली लसणाची जुडी.
तीन महिने तिनं आमचे कपडे वाळवले,
एकदाही न कुरकुरता.
आता कुरकुरते. पॅडल मारलं की.

दिवाळीनंतर म्हटलं होतं, थंडी जरा ओसरू दे.
मग खोकला. मग लग्नं.
मग पारा आठावर, आणि पेपरात
शेकोटीभोवती बसलेल्या लोकांचा फोटो.
त्या एका फोटोवर मी अख्खा डिसेंबर काढला.
जानेवारीत तर कारणसुद्धा कुणी विचारलं नाही.

टायर दाबून पाहिला,
शिळ्या पोळीसारखा बसलेला.
हाताला धरून नेली तिला गोकुळपेठेत.
गुलाब नंदनवार पंपावर पाय ठेवून म्हणाला,
"गाडीले काही नाही झालं बाई.
चालवणारं काऊन गंजलं?"
साखळीत तेल सोडलं त्यानं
एकेक थेंब,
लहान मुलाच्या नाकात औषध घालावं तसं.
पैसे द्यायला गेले तर हात मागं घेतला:
"तीस झाले. पण आठ दिवस चालवा, मंग द्या.
नाही चालवली तर साठ."

सेमिनरी हिल्सचा चढ ऑक्टोबरात
मी बोलत बोलत चढायचे.
काल श्वासाला शब्द पुरवायची सोय नव्हती.
मांड्यांनी आधी विनंती केली, मग धमकी दिली,
आणि अर्ध्याच्या अलीकडं, एका विजेच्या खांबापाशी,
मी उतरले.
चपलेची पट्टी नीट करायचं नाटक केलं.
शेजारून नववी-दहावीतली एक पोरगी गेली,
दोन वेण्या, बिनगिअरची सायकल,
हँडलला डबा, सीटवरून उठून उभी, दात आवळून.
वाटलं वळून बघेल.
तिला शाळा होती.

मग ढकलत चालले.
मागचं चाक टिकटिक करत राहिलं
नवऱ्यामागं कुरबुरत चालणाऱ्या बायकोसारखं,
म्हणजे माझ्यासारखंच.
पळसाला पानं तीनच म्हणतात.
इथं एकही नव्हतं.
नुसती फुलं, उघड्या फांदीवर,
आणि खाली सागाची वाळकी पानं, पापडासारखी मोडणारी.
सीटवरून हे कधी दिसलं नव्हतं,
असं म्हणून मी मनाची समजूत काढली;
ती फारशी निघाली नाही.

उतारावर मात्र डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.
वारा ओढणीत शिरला, उठला, पाठीवर फडफडला.
सगळा हिवाळा आता उरला होता
फक्त कानांच्या पाळ्यांत.
फुटाळ्यावर प्लेटभर तर्री-पोहे खाल्ले.
जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट.
वर पुन्हा तर्री मागितली.

घरी जिना चढताना कठडा धरावा लागला.
हे दारात, हातात माकडटोपी.
"ही आता कुठं अडकवू?"
"डोक्यात," मी म्हटलं.

आपल्याकडं थंडी आणि उन्हाच्या मधे
जेमतेम पाच आठवडे मिळतात.
मार्च सरला की सकाळी सातलाच सिमेंटचा रस्ता
तव्यासारखा बोलायला लागतो.
तेव्हा म्हणता येईल, ऊन जरा ओसरू दे.
तेही कारण मला पाठ आहे.

तीस रुपये सीटखालच्या पिशवीत ठेवलेत,
पान्याला आणि पंक्चरच्या ट्यूबला चिकटून.
आज दुसरा दिवस.
खांब मागं गेला.
त्याच्या पुढच्या गतिरोधकापाशी उतरले.
चपलेला हात लावला नाही.